कानांनी वाचणारी अभिनेत्री

(जूडी डेंच या इंग्लंडमधील नामवंत अभिनेत्री. नाटक आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ काम केले. त्यांच्या कामाची आणि जिद्दीची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही कधी नाटकात काम केले आहे का? केले असेल तर तुम्हांला ठाऊक आहे, की आधी संवाद पाठ करावे लागतात. आपण वहीतल्या दोन ओळी वाचतो, डोळे मिटून म्हणतो आणि अडखळलो की पुन्हा वही उघडतो. पण वहीतली अक्षरेच दिसेनाशी झाली तर? जूडी डेंच यांच्यावर हीच वेळ आली. त्यांनी काय केले, हे समजण्यासाठी सुरुवातीपासून त्यांची गोष्ट ऐकू या.

जूडी डेंच यांचा जन्म 9 डिसेंबर 1934 रोजी इंग्लंडमधील यॉर्क या जुन्या शहरात झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. घरात सर्वांना नाटकाची आवड होती. तरीही जूडीला नटी व्हायचे नव्हते; तिला रंगमंचाची सजावट करायची होती. पुढे शेक्सपिअरच्या एका नाटकाचा देखावा तिने पाहिला. तो इतका साधा आणि सुंदर होता, की 'असे काही आपल्याला सुचणार नाही' असे तिला वाटले. मग ती लंडनच्या नाट्यशाळेत दाखल झाली आणि अभिनय शिकू लागली.

1957 साली 'ओल्ड व्हिक' या प्रसिद्ध नाटक कंपनीने तिला 'हॅम्लेट' नाटकात ऑफेलियाची मोठी भूमिका दिली. नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला केवढी ही संधी! पण वर्तमानपत्रांनी तिच्या कामावर कडक टीका केली. पुढच्या वर्षी कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा ती भूमिका तिच्याकडून काढून दुसऱ्या अभिनेत्रीला देण्यात आली.

तुमच्या हातातून असे काम काढून घेतले, तर तुम्ही काय कराल? रुसून घरी बसाल ना? जूडीने कंपनी सोडली नाही. मिळतील त्या भूमिका तिने केल्या. आपले काम नसेल तेव्हा विंगेत उभे राहून ती अनुभवी नटांचा अभिनय पाही. कोण कोठे थांबतो, आवाज कसा चढवतो, हे सारे तिने मनात साठवले. 1960 साली त्याच कंपनीच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या नाटकात ती ज्युलिएट झाली. 1976 साली 'मॅकबेथ' नाटकात त्यांनी केलेली लेडी मॅकबेथ फार गाजली.

चित्रपटाचे दार मात्र लवकर उघडले नाही. 'तुमचा चेहरा सिनेमाला चालणार नाही,' असे त्यांना तरुणपणीच एकाने सांगून टाकले होते. त्या वादात न पडता त्या रंगभूमीवर आणि दूरदर्शनवर काम करत राहिल्या. 1995 साली जेम्स बाँडच्या चित्रपटात त्यांनी बाँडच्या करारी वरिष्ठ अधिकाऱ्याची भूमिका केली. 1997 साली 'मिसेस ब्राउन' या चित्रपटात त्या व्हिक्टोरिया राणी झाल्या. तेव्हा त्यांचे वय 62 वर्षांचे होते! 'शेक्सपिअर इन लव्ह' या चित्रपटात त्या पडद्यावर जेमतेम आठ मिनिटे दिसतात. पण त्या छोट्या भूमिकेसाठी 1999 साली त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. भूमिकेचा मोठेपणा तिच्या लांबीवर नसतो, हे यावरून कळते.

आता पुन्हा त्या वहीकडे येऊ. 2012 साली जूडी डेंच यांनी आपल्या डोळ्यांच्या विकाराविषयी जाहीरपणे सांगितले. डोळ्याच्या आत एक नाजूक पडदा असतो. वाढत्या वयात काही माणसांच्या या पडद्याचा मधला भाग खराब होत जातो. मग कडेचे थोडेफार दिसते. पण नेमके समोरचे अंधूक होते. वाचणे आणि चेहरे ओळखणे कठीण होते.

ज्या अभिनेत्रीला संवाद वाचता येत नाहीत, तिने काम सोडावे, असेच कोणालाही वाटेल. जूडी डेंच यांनी दुसरी वाट शोधली. मित्रमैत्रिणी त्यांना संवाद वाचून दाखवू लागल्या. त्या लक्ष देऊन ऐकत, मागोमाग म्हणत आणि पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत. अशा रीतीने 2015 साली, वयाच्या 80 व्या वर्षी, त्या 'द विंटर्स टेल' या नाटकात लंडनच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. चित्रपटात चूक झाली तर दृश्य पुन्हा घेता येते. नाटकात ती सोय नसते. या भूमिकेसाठी त्यांना 2016 साली इंग्लंडच्या रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला.

2017 साली 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' या चित्रपटात त्या पुन्हा व्हिक्टोरिया राणी झाल्या. ही गोष्ट तुम्हांला विशेष जवळची वाटेल. 1887 साली आग्र्याचे अब्दुल करीम हे तरुण गृहस्थ राणीच्या सेवेसाठी इंग्लंडला गेले. राणीने त्यांना आपले मुन्शी केले आणि त्यांच्याकडून ती हिंदुस्तानी शिकू लागली. तेव्हा राणीचे वय 68 वर्षांचे होते. ती आपल्या वहीत उर्दू लिपीत ओळी लिहीत असे! पडद्यावर अलिफ, बे गिरवणारी राणी म्हातारपणी शिकत होती, आणि ती राणी साकारणारी अभिनेत्रीही म्हातारपणी नव्या रीतीने पाठांतर शिकली होती.

मित्रांनो, तुम्हीही एक दुसरी भाषा शिकत आहात. एखादा मराठी धडा अवघड वाटला, तर तो कोणाकडून तरी वाचून घ्या, नीट ऐका आणि पुन्हा म्हणा. एक वाट बंद झाली, तर शिकणाऱ्याला दुसरी वाट सापडते.

शब्दार्थ
जिद्द – चिकाटी, हट्टाने काम पुरे करण्याची वृत्ती
विंग – रंगमंचाच्या कडेची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा
करारी – ठाम, कणखर
अंधूक – अस्पष्ट
साकारणे – भूमिका उभी करणे

स्वाध्याय
1. ऑफेलियाची भूमिका गेल्यावर जूडीने काय केले?
2. अक्षरे दिसेनाशी झाल्यावर जूडी डेंच संवाद कसे पाठ करत?
3. चित्रपटापेक्षा नाटकात चूक होणे अधिक अवघड का?
4. तुम्ही ऐकून शिकलेल्या एखाद्या गोष्टीविषयी पाच वाक्ये लिहा.