मुंबई–न्यूयॉर्क : जाताना १६ तास, येताना कमी का?

शेजारच्या काकू लेकीकडे न्यूयॉर्कला निघाल्यात. तिकीट बघून म्हणाल्या, "रात्री २ ला निघून सकाळी साडेआठला पोचणार? साडेसहा तासांत अमेरिका?"

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. साडेसहात उन्हाळ्यातले साडेनऊ मिळवा, म्हणजे खरा प्रवास १६ तासांचा.

आता अंतर. दोन्ही विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे १२,५०० किमी. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने रेघ मारू नका! त्या रेघेने गेलात तर दीड हजार किमीहून जास्त भर पडते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो थेट उत्तरेकडे चढतो, पार नॉर्वेच्या बाजूला. समोरच्या स्क्रीनवर विमान 'वर' जाताना दिसतं ते त्यामुळेच.

ताशी ९०० किमी धरले तर १४ तास पुरायला हवेत. मग उरलेले दोन?

मुख्य कारण वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, ते जाताना अंगावर येतात. येताना पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासाने कमी. शिवाय काही देशांचं आकाश बंद असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ते बंद केल्यावर भारतीय विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. धावपट्टीपर्यंतची रांगही तिकिटातल्या वेळेत धरलेली असते.

तुमचा मार्ग कोणता? कमेंटमध्ये लिहा, अंतर काढून सांगतो.