डोंगरउतारावर घर बांधताना

सह्याद्रीच्या उतारावर आता पक्की घरे उभी राहत आहेत. नवे घर हवे, यात गैर काही नाही. परंतु सपाटीवरचा नकाशा आणायचा आणि तो बसावा म्हणून यंत्राने डोंगर तासायचा, हे मात्र घातक आहे.

माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) ही गावे मुसळधार पावसात दरडीखाली गेली. अशी दरड कोणत्याही भिंतीने थोपत नाही. म्हणून आधी जागा नीट निवडावी. घळीचा तळ, ओहोळाचे मुख आणि उभ्या कड्याचा पायथा टाळावा. मातीत मोठे धोंडे रुतलेले दिसले, तर ते वरून आलेले असण्याची शक्यता असते. डोंगराची सोंड त्यामानाने बरी. तेथे वारा लागतो एवढेच.

घराची लांब बाजू समपातळी रेषेवर ठेवावी. समजा, उतार २० टक्के आहे आणि घर १२ बाय ६ मीटरचे आहे. लांबी उताराच्या दिशेने ठेवली तर दोन टोकांत २.४ मीटरचा फरक पडतो. आडवी ठेवली तर १.२ मीटरच. हा फरकही दोन पातळ्यांत विभागता येतो. ओटी-पडवी खाली आणि माजघर ६० सेंटिमीटर वर घ्यावे; मध्ये चार पायऱ्या पुरतात. पाया मात्र सर्वत्र मूळ घट्ट जमिनीत न्यावा. भरावावर टेकवलेली भिंत पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तडकते.

आता पाण्याचे. शेतात आपण पाणी मुरावे म्हणून समतल चर खोदतो. घराच्या वरच्या अंगाला नेमके उलटे करायचे! तेथे पाणी मुरले की माती जड होते आणि सुटते. म्हणून घरामागे हलका ढाळ दिलेला चर काढून पाणी बाजूच्या ओहोळात सोडावे. चराचा तळ दगडाने बांधून घ्यावा. शोषखड्डा घराच्या वर कधीच नको. तो खाली आणि एका बाजूला असावा. कापलेल्या भागाला सुक्या दगडांची, डोंगराकडे कललेली ताल घालावी, म्हणजे पाणी फटींतून निघून जाते. ताल दीड मीटरपेक्षा उंच लागत असेल, तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. वरची झाडे दृश्य दिसावे म्हणून तोडू नयेत.

कोकणात जांभा सोयीचा. खाणीतून काढल्यावर तो हवेत राहू द्यावा, म्हणजे टणक होतो. कौलारू उतरते छप्पर आणि रुंद वळचण यांमुळे भिंती कोरड्या राहतात, शिवाय घर डोंगरात उठून दिसत नाही. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवून भिंतींवर काँक्रीटचा सलग पट्टा जरूर घालावा.

१०० चौरस मीटर छपरावर २,५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी येते. पन्हळ लावून त्यातले काही टाकीत साठवल्यास उन्हाळ्यात परसबागेला उपयोगी पडते.

पावसाळ्यात उतारावर नवी भेग पडली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर गुरे सोडून माणसांसह त्याच वेळी बाहेर पडावे आणि तहसील कार्यालयास कळवावे.