कोरड्या श्वानखाद्यातील घटकांची गुणवत्ता : वेष्टनावरील माहितीचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

पाळलेल्या कुत्र्याला भाकरी-दूध, ताकभात किंवा घरात उरलेले अन्न घालण्याची आपली जुनी रीत होय. शहरी मध्यमवर्गात तिची जागा आता बऱ्याच अंशी पिशवीबंद कोरड्या खाद्याने घेतली आहे. असे खाद्य ही मुळात औद्योगिक युगाची निर्मिती आहे. १८६० च्या दशकात जेम्स स्प्रॅट या अमेरिकन उद्योजकाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकण्यास प्रारंभ केला. १९५७ साली अमेरिकेतील रॅल्स्टन प्युरिना या कंपनीने एक्स्ट्रूडर यंत्रातून काढलेले फुगीर दाणे बाजारात आणले. चकलीच्या सोऱ्यातून पीठ दाबून काढावे त्याप्रमाणे या यंत्रात ओलसर मिश्रण उष्णता व दाब यांच्या साहाय्याने साच्यातून बाहेर काढले जाते. नंतर ते वाळवून त्यावर चरबी व स्वादद्रव्ये फवारतात.

या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. भाकरी कोणत्या धान्याची आहे हे घालणाऱ्याला दिसत असे. दाण्यात मात्र सर्व घटक दळून एकजीव झालेले असतात. ते डोळ्यांनी वा वासाने ओळखता येत नाहीत. शिवाय माणूस एका जेवणातील उणीव दुसऱ्या जेवणात भरून काढतो. पिशवीबंद खाद्यावर वाढणारा कुत्रा मात्र महिनोन्महिने एकच पदार्थ खातो. त्यामुळे त्या पदार्थातील दोष त्याच्या शरीरात दररोज पोहोचतो. म्हणूनच वेष्टनावरील मजकूर नीट वाचता येणे ही मालकाची जबाबदारी ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१. घटकसूची व पृथक्करणाचे आकडे यांचा अर्थ स्पष्ट करणे.
२. या माहितीवरून घटकांच्या गुणवत्तेविषयी काय कळते व काय कळत नाही, याची चर्चा करणे.
३. ग्राहकाला उपयोगी पडतील अशा कसोट्या सुचविणे.

विवेचनासाठी प्रामुख्याने अमेरिकेतील लेबलपद्धतीचा आधार घेतला आहे; कारण आपल्या बाजारातील अनेक पिशव्यांवर तेथील मापदंडांचा उल्लेख आढळतो. हे मापदंड ‘आफको’ या संक्षिप्त नावाने परिचित असलेली पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना तयार करते. १९०९ साली स्थापन झालेली ही संघटना आदर्श नियम सुचविते व तेथील राज्ये ते कायद्याने स्वीकारतात. ती स्वतः कोणत्याही खाद्याची तपासणी करीत नाही वा त्याला मान्यताही देत नाही. त्यामुळे ‘आफको प्रमाणित’ अशी जाहिरात वस्तुस्थितीला धरून नसते.

१. घटकसूचीचा क्रम :

घटकसूचीत पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. हे वजन मिश्रण तयार करतानाचे, म्हणजे पदार्थातील पाण्यासह धरलेले असते. सूचीत प्रथम क्रमांकावर मांस दिसले की खाद्य मांसप्रधान आहे असा ग्राहकाचा समज होतो. हा समज तपासण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० किलो मिश्रणात कोंबडीचे ताजे मांस ३० किलो, मका २५ किलो, तांदळाची कणी १५ किलो, मका ग्लूटेन १२ किलो व इतर घटक १८ किलो आहेत. सूचीत कोंबडी अर्थातच पहिली येईल. परंतु ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते. ते वजा जाता कोंबडीचे ९ किलो कोरडे द्रव्य उरते. धान्यात सुमारे १२ टक्के व ग्लूटेनमध्ये १० टक्के ओलावा धरल्यास मक्याचे २२, कणीचे १३.२ व ग्लूटेनचे १०.८ किलो कोरडे द्रव्य मिळते. दाणा वाळल्यावर कोंबडी पहिल्या क्रमांकावरून चौथ्या क्रमांकावर गेलेली असते.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. मका व मका ग्लूटेन हे एकाच धान्यापासून आलेले पदार्थ होत. त्यांची बेरीज ३७ किलो, म्हणजे कोंबडीपेक्षा अधिक भरते; पण नावे वेगळी असल्याने ते सूचीत खालच्या स्थानांवर विभागले जातात. म्हणून सूची वाचताना एका मुळाचे सर्व पदार्थ मनाशी एकत्र करून पाहावेत.

याउलट ‘मांसपूड’ हा शब्द अनेकांना हलका वाटतो. वस्तुतः चरबी व पाणी काढून टाकलेल्या कोंबडीच्या पुडीत सुमारे ६५ टक्के प्रथिने असू शकतात. त्यामुळे वजन सारखे असल्यास ताज्या मांसापेक्षा मांसपुडीतून कितीतरी अधिक प्रथिने मिळतात. मात्र पुडीचा दर्जा कच्चा माल, हाडांचे प्रमाण व प्रक्रियेतील उष्णता यांवर अवलंबून असतो आणि यांपैकी काहीही सूचीत लिहिलेले नसते.

‘उपउत्पादने’ या संज्ञेबाबतही असाच गैरसमज आहे. आफकोच्या व्याख्येनुसार मांसाच्या उपउत्पादनांत फुप्फुस, प्लीहा, मूत्रपिंड, यकृत इत्यादी अवयव येतात. केस, शिंगे, दात व खूर वर्ज्य आहेत. काळीज आणि वजडी आवडीने खाणाऱ्या आपल्या समाजाला हे अवयव निकृष्ट वाटण्याचे कारण नाही. पोषणदृष्ट्या यकृत हे स्नायूंच्या मांसाहून अनेक बाबतींत सरस असते. खरी अडचण निराळीच आहे. ‘उपउत्पादने’ या एका शब्दाखाली यकृतही येते आणि कोंबडीचे पायही येतात. त्यांचे परस्पर प्रमाण ग्राहकाला कळत नाही.

वेष्टनाच्या दर्शनी भागावरील नावालाही ठरलेला अर्थ आहे. आफकोच्या नियमांनुसार निव्वळ ‘चिकन’ असे नाव देण्यासाठी त्या घटकाचे प्रमाण, मिसळलेले पाणी वगळता, किमान ९५ टक्के असावे लागते. कोरड्या दाण्यात हे सहसा शक्य नसते. ‘चिकन डिनर’ वा ‘चिकन फॉर्म्युला’ अशा नावासाठी २५ टक्के, तर ‘चिकनसह’ या नावासाठी केवळ ३ टक्के पुरतात. ‘चिकन फ्लेवर’ यासाठी किमान टक्केवारीच नाही. स्वाद ओळखता येण्याइतका असला म्हणजे झाले.

२. पृथक्करणाचे आकडे :

वेष्टनावर कच्ची प्रथिने व कच्चा स्निग्धांश यांचे किमान, तर कच्चे तंतू व ओलावा यांचे कमाल प्रमाण दिलेले असते. येथे ‘कच्चे’ हा शब्द मोजणीच्या पद्धतीचा निदर्शक आहे. दोन खाद्यांची तुलना करताना प्रथम ओलावा वजा करावा लागतो. २४ टक्के प्रथिने व १० टक्के ओलावा असलेल्या कोरड्या खाद्यात शुष्कभारावर २६.७ टक्के प्रथिने असतात. डबाबंद ओल्या खाद्यावर ८ टक्के हा आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु त्यात ७८ टक्के ओलावा असल्यास शुष्कभारावर प्रथिने ३६.४ टक्के भरतात. आफकोच्या मापदंडानुसार शुष्कभारावर प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के, तर वाढत्या पिलांसाठी व गाभण वा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत.

पिष्टमय पदार्थांचा आकडा बहुधा छापलेला नसतो. तो वजाबाकीने काढता येतो. प्रथिने २४, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १० व राख ८ टक्के धरल्यास उरलेले ४४ टक्के पिष्टमय असतात. हा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात अनेक पटींनी अधिक आढळतात. नीट शिजलेले धान्य कुत्रा उत्तम पचवितो. त्यामुळे धान्य म्हणजे केवळ भरताड, हे विधान शास्त्रीय कसोटीस उतरत नाही.

३. संख्या आणि गुण यांतील अंतर :

प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची सर्वमान्य पद्धत डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल याने १८८३ साली मांडली. या पद्धतीत प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. पदार्थातील नायट्रोजन मोजून त्यास ६.२५ ने गुणले जाते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कोठून आला, याची दखल ही पद्धत घेत नाही. दळलेले चामडे तपासले तरी प्रथिनांचा आकडा भरघोस येईल. कुत्र्याच्या आतड्याला मात्र त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

या उणिवेची किंमत २००७ साली मोजावी लागली. मार्च महिन्यापासून अमेरिका व कॅनडात कुत्र्या-मांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घेण्यात आले. त्यांत मुख्यतः ओले व काही कोरडे खाद्य होते. मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक प्राणी दगावले होते. चीनमधून आलेल्या ‘गहू ग्लूटेन’ व ‘तांदूळ प्रथिने’ या नावांच्या मालात मेलामाइन मिसळल्याचे तपासात उघड झाले. ज्याला ग्लूटेन म्हटले होते ते वस्तुतः गव्हाचे पीठच होते. आपल्या परिचयाची न फुटणारी ताटे ज्या रसायनापासून बनतात तेच हे मेलामाइन होय. त्यात सुमारे ६६.७ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम मेलामाइन केल्डाल पद्धतीत ४ ग्रॅमहून अधिक प्रथिने म्हणून नोंदले जाते. त्याच्या जोडीला असलेल्या सायन्युरिक आम्लाशी संयोग होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बालकांच्या दूधभुकटीत हेच रसायन सापडले. सुमारे ३ लाख बालके बाधित झाली व ६ बालकांचा मृत्यू नोंदला गेला. प्राण्यांच्या खाद्यात दिसलेला धोका माणसाच्या पाळण्यापर्यंत पोहोचला होता.

भेसळ नसतानाही आकडा अपुराच असतो. कुत्र्याला १० आवश्यक अमिनो आम्ले आहारातून मिळावी लागतात. मक्यात लायसिन व ट्रिप्टोफॅन कमी असतात, तर कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. वरण आणि भात एकत्र खाण्यामागील पोषणतत्त्वच येथेही लागू पडते: उणिवा परस्परपूरक स्रोतांनी भरून काढता येतात, परंतु त्यासाठी सूत्र जाणकाराने बांधलेले असावे लागते. अतिउष्णतेत लायसिनचा काही भाग शर्करेशी बांधला जाऊन निरुपयोगी होतो. प्रथिनांच्या आकड्यात मात्र त्यामुळे फरक दिसत नाही.

घटकांच्या नावांवरून केलेली निवड कशी फसवी ठरू शकते, हे ‘धान्यविरहित’ खाद्याच्या प्रकरणातून दिसते. वाटाणा, मसूर, बटाटा यांवर आधारलेले हे खाद्य श्रेष्ठ म्हणून विकले जाऊ लागले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाद्याचा हृदय फुगण्याच्या विकाराशी संबंध असू शकतो काय, याची चौकशी जाहीर केली. हा संबंध सिद्ध झालेला नाही. कार्यकारणभाव ठरविण्यास नोंदी अपुऱ्या असल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये त्याच प्रशासनाने स्पष्ट केले. तथापि, धान्य काढल्याने खाद्य आपोआप अधिक चांगले होते, हा दावाही सिद्ध झालेला नाही.

४. जतन व साठवण :

उत्तम घटकही साठवणीत बिघडू शकतात. स्निग्धांश खवट होऊ नये म्हणून बीएचए व बीएचटी यांसारखी कृत्रिम किंवा टोकोफेरॉलसारखी नैसर्गिक द्रव्ये वापरतात. नैसर्गिक द्रव्यांचे संरक्षण तुलनेने अल्पकाळ टिकते, म्हणून अशा पिशवीची तारीख विशेष काळजीने पाहावी. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताची हानी करते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत उघडकीस आलेल्या अशा एका प्रकरणात ११० हून अधिक कुत्रे दगावल्याची नोंद आहे. घटकसूचीत तो मका केवळ ‘मका’ असाच छापलेला होता.

आपल्याकडे मोठी पिशवी फोडून किलोवर सुटे खाद्य विकण्याची पद्धत अनेक दुकानांत आढळते. अशा खरेदीत लेबल, तारीख व हवाबंद संरक्षण ही तिन्ही एकदम जातात. दमट पावसाळ्यात तर ही बचत महाग पडू शकते.

५. ग्राहकासाठी कसोट्या :

वेष्टनावर प्रथम शोधावे ते पोषणपूर्णतेचे विधान. खाद्य कोणत्या वयोगटासाठी संपूर्ण आहे आणि ते केवळ सूत्रावरून ठरविले की प्रत्यक्ष आहार-चाचणीने, हे त्यात सांगितलेले असते. प्रौढांसाठीच्या आफको चाचणीत किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे निरीक्षण केले जाते. ही चाचणी लहान असली तरी खाद्य जिवंत प्राण्याने खाल्ले व पचविले याचा तो पुरावा असतो. मोठ्या जातीच्या पिलासाठी खाद्य घेताना त्या विधानात अशा पिलांच्या वाढीचा स्पष्ट उल्लेख हवा, कारण त्यांना कॅल्शियमचा अतिरेक बाधतो.

त्यानंतर उत्पादकाला प्रश्न विचारावेत. लघुप्राणी पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने सुचविलेल्या प्रश्नांचा आशय असा आहे: सूत्र कोणी तयार केले व त्यांची पात्रता काय? उत्पादन कोठे होते? कच्च्या व तयार मालाची कोणती तपासणी होते? प्रत्यक्ष सरासरी पृथक्करण व उष्मांक किती? २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आपल्या देशात पिशवीबंद मालावर उत्पादकाचा वा आयातदाराचा पत्ता व ग्राहक-संपर्क देणे आवश्यक असते. त्याचा उपयोग याच कामी करावा. उत्तर न देणे हेही एक उत्तरच असते.

निष्कर्ष :

१. घटकसूची पदार्थांचा क्रम सांगते, त्यांचा दर्जा सांगत नाही. पाण्याचे वजन व एका मुळाच्या पदार्थांची विभागणी लक्षात घेऊनच ती वाचावी.
२. प्रथिनांचा आकडा हा नायट्रोजनवरून काढलेला अंदाज आहे. २००७ च्या घटनेने त्याची मर्यादा दाखवून दिली.
३. ‘उपउत्पादने’, ‘मांसपूड’, ‘धान्य’ या शब्दांवरून खाद्य हीन आणि ‘ताजे मांस’, ‘धान्यविरहित’ या शब्दांवरून ते श्रेष्ठ ठरविणे योग्य नाही.
४. पोषणपूर्णतेचे विधान, उत्पादकाची उत्तरे, तारीख व साठवण या कसोट्या नावांहून अधिक विश्वसनीय आहेत.
५. अखेरची कसोटी खुद्द कुत्र्याची आहे. त्याचे वजन, विष्ठेचा घट्टपणा, केसांची तकाकी व उत्साह यांची नोंद ठेवावी व त्यात बदल दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. आपल्या पुढ्यात आलेले अन्न नाकारण्याचे स्वातंत्र्य या प्राण्याला फारसे नसते. म्हणून ते पारखण्याचे कर्तव्य त्याच्या मालकावर येते.