बॅटरी शॉर्ट झाल्यानंतर जुनी मोटार सुरू होत नसेल तर: दोष शोधण्याची पद्धत

या पाठात आपण एका प्रत्यक्ष घटनेवरून दोषनिदान कसे करायचे ते पाहणार आहोत. यासाठी ओहमचा नियम आणि एक साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

आमच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकासाठी कार्ब्युरेटरची एक जुनी पेट्रोल अँबेसिडर आहे. एकदा बॅटरीचे टोक आवळताना एका विद्यार्थ्याच्या हातातला पाना निसटला. त्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरे बॉडीच्या पत्र्यावर टेकले. मोठी ठिणगी उडाली आणि पाना बाजूला पडला. कोणाला इजा झाली नाही. मात्र त्यानंतर किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’ असा आवाज येई आणि इंजिन फिरत नसे. बाहेरून बोलावलेल्या मेकॅनिकने स्टार्टर जळाल्याचे सांगितले. विद्यार्थी नव्या स्टार्टरचे पैसे भरायला तयार झाला आणि सुरुवातीला मलाही तेच पटले होते. पैसे घेण्याआधी निदान मोजून तरी पाहू, असे ठरवले. ते मोजमाप खाली देत आहे.

१. आधी सुरक्षितता

शॉर्ट झालेली बॅटरी हाताळण्यापूर्वी थोडा वेळ थांबा. तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो आणि एका ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. बॅटरीची पेटी फुगली असेल, तडकली असेल किंवा आम्ल गळत असेल तर ती बॅटरी पुन्हा वापरू नका. तिला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून गाडी सुरू करण्याचा प्रयत्नही करू नका.

२. प्रवाह कोणत्या मार्गाने गेला?

कागदावर आकृती काढा. आपल्या घटनेत प्रवाहाचा मार्ग असा होता: बॅटरीचे धन टोक, पाना, बॉडी, अर्थची पट्टी, बॅटरीचे ऋण टोक. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि मार्गातला इतर रोध मिळून ०.०१ ओहम धरला, तर प्रवाह सुमारे १२०० अँपिअर होतो.

आता पाहा, या मार्गात स्टार्टर आहे का? नाही. इग्निशन कॉईल, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट? तेही नाहीत. शॉर्टच्या क्षणी त्यांना मिळणारे व्होल्टेज उलट कमी झाले. म्हणून पहिला संशय फक्त तिघांवर घ्यायचा: बॅटरी, तिची टोके आणि अर्थची पट्टी. जो भाग शॉर्टच्या मार्गात नव्हता, तो पुराव्याशिवाय बदलायचा नाही.

हा मार्ग प्रत्येक वेळी वेगळा असू शकतो. पाना इंजिनला टेकला असता, तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी दुसरी अर्थ पट्टीही मार्गात आली असती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असल्यामुळे ही पट्टी आवश्यक असते. ती तुटली तर स्टार्टरचा प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतू लागतो आणि त्या केबल तापतात. स्टार्टर मारताना केबल गरम लागली, तर ही पट्टी तपासा.

३. लक्षण नेमके ओळखा

‘गाडी सुरू होत नाही’ ही तक्रार झाली, लक्षण नव्हे. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, की मुळात फिरतच नाही, हे आधी ठरवा. इंजिन जोमाने फिरत असेल तर बॅटरी आणि अर्थ ठीक आहेत. अशा वेळी कॉईलपर्यंत व्होल्टेज पोहोचते का, ठिणगी पडते का आणि पेट्रोल येते का, या क्रमाने पुढे जा. इंजिन फिरतच नसेल तर पुढील मोजमाप करा.

४. मोजमाप

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक ओढा. एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटर पाहावा. मीटरच्या सळ्या तारेच्या क्लॅम्पवर न टेकवता थेट बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर टेकवा.

पहिले मोजमाप, किल्ली न फिरवता, बॅटरीच्या दोन टोकांमध्ये: आम्हाला १२.५ व्होल्ट मिळाले. एवढ्यावर बॅटरी चांगली म्हणू नका. आतली जोडणी जवळजवळ तुटलेली असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो, कारण तो स्वतः नगण्य प्रवाह घेतो.

दुसरे मोजमाप, किल्ली फिरवताना, त्याच दोन टोकांमध्ये: व्होल्टेज चार-पाचवर कोसळले तर बॅटरी दुबळी आहे किंवा स्टार्टर अडकला आहे. आम्हाला ११.८ मिळाले. बॅटरी द्यायला तयार होती, पण प्रवाह वाटेत अडत होता.

तिसरे मोजमाप, किल्ली फिरवताना, बॅटरीचे ऋण टोक आणि बॉडीचा खरवडलेला पत्रा यांच्यामध्ये: येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी वाचन अपेक्षित असते. आम्हाला ७.४ व्होल्ट मिळाले. दोष सापडला.

५. हिशोब जुळतो का?

बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ आणि थांबलेल्या स्टार्टरचा ०.०६ ओहम माना. अर्थच्या जोडात ०.१ ओहम रोध तयार झाला आहे असे धरा. एकूण रोध ०.१७ ओहम. प्रवाह = १२.५ ÷ ०.१७ = सुमारे ७४ अँपिअर. जोडावर ७.४ व्होल्ट खर्च होतात आणि स्टार्टरला जेमतेम साडेचार उरतात. जोड चांगला असता तर सुमारे १८० अँपिअर मिळाले असते.

हेडलाइट मात्र नेहमीसारखे लागत होते, हे अनेकांना चकवते. दोन्ही दिव्यांना मिळून साधारण ७.५ अँपिअर लागतात, म्हणून त्याच जोडावर केवळ पाऊण व्होल्ट घटते.

६. दुरुस्ती

अर्थची पट्टी सोडली तेव्हा बॉडीकडचा जोड आधीपासूनच गंजलेला दिसला. शॉर्टच्या प्रवाहाने तो काळा पडला होता. पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, नवी पट्टी बसवली आणि जोडावर ग्रीस लावले. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. स्टार्टर तोच होता.

बॅटरी पुन्हा जोडताना धन-ऋण तपासून घ्या. उलट जोडल्यास अल्टरनेटरचे डायोड जळतात आणि नवाच दोष निर्माण होतो. १९५० च्या दशकातील अनेक ब्रिटिश मोटारींत धन टोक बॉडीला जोडलेले असे, हेही लक्षात ठेवा.

बॉडीला जोडलेले टोक नेहमी आधी काढावे आणि शेवटी जोडावे. ते सुटलेले असेल तर पाना पत्र्याला लागला तरी परिपथ पूर्ण होत नाही. त्या दिवशी ही सूचना मी प्रात्यक्षिकाआधी द्यायला हवी होती. विद्यार्थ्याकडून पैसे घेतले नाहीत.

स्वाध्याय

१. पाना धन टोक आणि इंजिन यांच्यामध्ये अडकला असता तर शॉर्टचा मार्ग काढा आणि संशयित भागांची यादी करा.
२. अर्थच्या जोडाचा रोध ०.०३ ओहम असेल तर स्टार्टरला किती व्होल्ट मिळतील? वरील इतर मूल्ये कायम ठेवा.