बारा अंक, चाळीस बिट

आधार क्रमांकच घेऊ. पहिला २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज माजलगावात, इथं बसलेल्या बहुतेकांच्या खिशात तो असेल. बारा अंक. ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटींपर्यंत मोजता येतं. ६४ म्हणजे फारच ढगळ. आणि ४०? दोनाचा चाळिसावा घात एक लाख कोटींच्या थोडा वर जातो. बरोब्बर मावतं.

आता १४० कोटी क्रमांक धरा. आठ-आठ बाइटांनी ११.२ अब्ज बाइट, पाच-पाचांनी ७ अब्ज. पण सी२३ मध्ये चाळीस बिटांचा अनसाइन्ड ‘बिटइंट’ लिहिला म्हणजे जागा वाचली, असं नाही हं! ६४ बिटी लिनक्सवर तो मेमरीत आठच बाइट घेतो. गणित तेवढं चाळीस बिटांत होतं. जागा वाचवायची तर पाच बाइट आपणच मांडायचे, वाचताना आपणच जोडायचे.

खरी गोम तिथं आहे. घाईत आठ बाइट उचलून वरचे तीन पुसले, तर मधल्या नोंदींना चालून जातं; शेवटच्या नोंदीला मात्र आपण ॲरेच्या तीन बाइट बाहेर वाचतो. तेव्हा ॲरेमागे तीन बाइट मोकळे राखा, नाहीतर शेवटची नोंद एकेक बाइट करून वाचा. आणि सरकवण्याआधी प्रत्येक बाइट ६४ बिटांत घ्या. ३२ बिटी इंट ३२ घरं सरकवला, तर काय निघेल याची हमी सी देत नाही.