गळतीचा तपास

जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन नव्याने बांधावे, चेंबरपासून टॅपेट कव्हरपर्यंत सगळी पॅकिंगे बदलावीत, वर मूळचा तांबडा-करडा रंगही चढवावा, आणि आठवड्याभरात क्लचच्या घराखालून काळे तेल ठिबकू लागावे, असा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पहिली फिर्याद क्रँकच्या मागच्या सीलावर गुदरलेली असते. ही फिर्याद काही वेळा खरी ठरते. पण तपासावाचून ती मंजूर करण्याचा खर्च मोठा आहे, आणि बांधून काढलेल्या इंजिनात तर खरा अपराधी सीलाच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या पोटातील दाबात, तेलाच्या पातळपणात अथवा न जुळलेल्या दोन पृष्ठभागांत, सापडण्याचा संभव अधिक, असे माझे मत आहे.

उदाहरणादाखल मॅसी फर्ग्युसन ३५ हे यंत्र घेऊ. हॅरी फर्ग्युसन यांचा उद्योग १९५३ साली कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाला. पुढे १९५६ साली कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला, तेव्हा त्याच्या डिझेल आवृत्तीत स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते, आणि थंडीत सुरू होण्याच्या बाबतीत त्याचा लौकिक फारसा चांगला नव्हता. १९५९ साली मॅसी-फर्ग्युसनने पीटरबरोची पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि त्याच सुमारास या ट्रॅक्टरला पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन लाभले: बोअर ३.६ इंच, स्ट्रोक ५ इंच, आकारमान सुमारे अडीच लिटर. तेव्हाच्या मद्रासेत सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने आणि १९६० साली स्थापन झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बांधले. त्यामुळे हे घराणे आपल्याकडील मिस्त्रींच्याही चांगल्या परिचयाचे आहे.

या ट्रॅक्टरला निराळी चॅसी नाही. इंजिनाचा ब्लॉक, त्याखालचे बिडाचे जाडजूड चेंबर, क्लचचे घर, गिअरबॉक्स आणि मागचा आंस हे सारे एकमेकांस बोल्टांनी जखडलेले असतात, आणि सगळा भार तेच पेलतात. म्हणून मागच्या सीलापर्यंत हात पोहोचवायचा तर ट्रॅक्टर मध्यावर सोडवून, दोन्ही भागांना भक्कम टेकू देऊन, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. एवढा खटाटोप करून सील निर्दोष निघाले, तर मजुरीचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा हा वाद वेगळाच.

तपासाचा आरंभ, गळणारे तेल कोणाचे, येथून करावा. इंजिनाचे तेल काजळीने लवकरच काळे पडते. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे सामाईक तेल त्या मानाने स्वच्छ राहते. तेव्हा क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या छिद्रातून पिवळसर तेल येत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या सीलाकडे जातो आणि क्रँकची निर्दोष सुटका होते. तेल काळेच असेल, तर इंजिन बाहेरून रॉकेलने धुऊन, हवेने कोरडे करून, त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरावी आणि ट्रॅक्टर चांगला तापेपर्यंत कामावर चालवावा. तेल वजनाने खाली उतरते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे रेटले जाते. सबब डाग जिथे दिसतो ती जागा बहुधा प्रवासाचा शेवट असते, आणि शोधायची असते ती सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओल. टॅपेट कव्हरचे कॉर्कचे पॅकिंग अति आवळल्याने चेपून बाहेर सरकते, आणि तिथून निघालेला ओघळ ब्लॉकच्या पाठीवरून थेट क्लचच्या घरात उतरतो. बांधणीच्या वेळी तेलाच्या वाहिन्या साफ करण्यासाठी काढलेला ब्लॉकच्या मागच्या बाजूचा एखादा प्लग नीट बसला नसेल, तर तोही हुबेहूब सीलासारखीच लक्षणे दाखवतो.

यानंतर डिपस्टिक पाहावी, आणि ती अनेक दिवस पाहावी. तेल गळत असूनही पातळी खाली जात नाही, उलट चढते, हे ज्याच्या ध्यानात आले त्याने निम्मा तपास केला. फीड पंपाचा पडदा फाटला, किंवा सीएव्हीच्या रोटरी पंपाच्या शाफ्टचे सील गेले, की डिझेल टायमिंगच्या घरातून चेंबरात उतरते. पातळ झालेले तेल मग ज्या फटीतून एरवी झिरपलेही नसते तिथून वाहू लागते, आणि बेअरिंगांचा नाश होतो तो वेगळाच. अशा तेलाला डिझेलचा वास येतो आणि बोटांच्या चिमटीत त्याचा चिकटपणा लागत नाही. सील कितीही नवे घाला, हा रोग त्याने बरा होणार नाही.

दुसरे कारण पोटातील दाबाचे. नव्या रिंगा बोअरला घासून बसण्यासाठी इंजिनावर प्रारंभीच वाजवी भार पडावा लागतो; परंतु हौसेने बांधलेला जुना ट्रॅक्टर मालक तासन्‌तास रिकामाच चालवून कौतुकाने ऐकत बसतो, आणि होनिंगच्या तिरप्या रेघांवर जळक्या तेलाचा थर बसून बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग ज्वलनाचे वायू रिंगांना चुकवून खाली उतरतात. त्यात ब्रीदरची नळी रंगाने किंवा काजळीने तुंबलेली असली, की हा दाब बाहेर पडण्यासाठी सर्वांत दुबळे सील निवडतो. डिपस्टिकच्या भोकाला पारदर्शक नळी लावून, तिच्या वाकणात पाणी भरून, इंजिन चालू असता पाणी किती ढकलले जाते हे पाहिले, तर दाबाचा पुरावा डोळ्यांना दिसतो. ब्रीदर साफ करून गळती थांबली, तर खर्च जवळजवळ शून्य.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तरच मागच्या सीलाकडे वळावे. जुन्या पर्किन्समध्ये ते रबराचे नसून ग्रॅफाइट भरलेल्या दोरीचे असते. दोन अर्धवर्तुळाकार घरांत बसवलेली ही दोरी क्रँकला वेढते, आणि क्रँकवर कोरलेले मळसूत्र तेलाला परत आत ओढते. म्हणजे मुख्य काम मळसूत्राचे, दोरीकडे उरते ती राखण. दोरी बसवताना प्रथम तिची दोन्ही टोके खोबणीत बसवावीत आणि मधला भाग फुगलेला राहू द्यावा, मग तो मध्यापासून अंगठ्याने दाबत बसवावा, आणि टोके घराच्या कडेपासून ०.०१० ते ०.०२० इंच बाहेर राहू द्यावीत, म्हणजे दोन अर्धी जुळताना ती एकमेकांवर दाबली जातात. नीटनेटकेपणाच्या हव्यासाने ही टोके सपाट कापणारा कारागीर गळतीची सोय स्वतःच करून ठेवतो. मूळच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असल्याने ती कोरडी खरवडू नये, हवेने तर मुळीच उडवू नये. मेन बेअरिंगे झिजलेली असली, तर क्रँक जागा सोडून फिरतो आणि नव्या दोरीलाही एका अंगाला घासून खातो. चेंबरची मागची कड ब्लॉकच्या कडेशी सरळ पट्टी लावून समपातळीत आणली नाही, तर क्लचचे घर आवळताना सांध्यावर ताण येऊन कोपऱ्यातले कॉर्क उघडे पडते.

ट्रॅक्टर पुन्हा जोडल्यावर पहिल्या दिवसांत तळाच्या छिद्रातून थोडे थेंब आले, तरी घाबरू नये. दोरी क्रँकवर बसण्यास अवधी लागतो. ते छिद्र मात्र कोणी लाकडाची खुंटी ठोकून बंद केलेले असेल, तर ती आधी काढावी, नाहीतर तेल आत साचून क्लचप्लेटपर्यंत पोहोचेल. थेंब रोज कमी होत असतील, तर त्या सीलाला हात लावू नये; वाढत असतील, तर पुन्हा डिपस्टिक आणि ब्रीदर.