पैसा सनदेत, खड्डा रस्त्यावर

ह्यूस्टन : या शहरात रस्त्यावर खड्डा दिसला की ३११ या क्रमांकावर फोन करायचा. सिल्व्हेस्टर टर्नर २०१६च्या जानेवारीत महापौर झाले, तेव्हा तक्रार नोंदवलेला खड्डा दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी बुजवू, असा शब्द त्यांनी दिला होता. पण खड्डा बुजवणे आणि रस्ता नव्याने बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले रोजच्या खर्चातून भागते. दुसऱ्याला वर्षानुवर्षे न आटणारा पैसा लागतो, आणि त्यासाठी ह्यूस्टनकरांनी शहराची सनदच बदलली. तीही दोनदा!

इथली जमीन सपाट आणि चिकणमातीची. मराठवाड्यातल्या काळ्या मातीची ही चुलत बहीणच म्हणायची. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वरच्या काँक्रीटच्या लाद्या एकीकडे कलतात. त्यात शहराची रचना अशी की मुसळधार पावसात रस्त्यानेच गटाराचे काम करावे. जमिनीखालच्या नळांत न मावणारे पाणी घरात शिरण्याऐवजी रस्त्यावर थांबावे आणि हळूहळू 'बायू'त, म्हणजे इथल्या संथ ओढ्या-नाल्यांत, उतरावे. त्यामुळे रस्त्याचा पैसा वेगळा आणि गटाराचा वेगळा, अशी वाटणी इथे निरर्थक ठरते.

सनद म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. मुंबई महापालिका १८८८च्या आणि पुण्याची १९४९च्या कायद्यावर चालते. त्यात बदल करायचा तर विधिमंडळात जावे लागते, नागरिकाच्या हाती काही नसते. टेक्सासमध्ये १९१२पासून मोठ्या शहरांना आपली सनद आपण लिहिण्याचा अधिकार आहे. राज्याच्या कायद्याशी ती विसंगत नसावी, एवढीच अट. पाच टक्के किंवा वीस हजार, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढ्या मतदारांच्या सह्या जमवल्या की दुरुस्ती थेट मतदानाला ठेवावी लागते. नगरसेवकांना ती पसंत आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

२०१० साली अभियंत्यांच्या पुढाकाराने अशाच सह्या जमल्या. ठेकेदारांचे भले करायला हे निघाले आहेत, ही टीका झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. मागणी अशी होती की रस्ते आणि पावसाळी गटारांसाठी स्वतंत्र निधी असावा आणि त्यातून होणाऱ्या कामांसाठी नवे कर्ज काढू नये. निधीत चार वाटांनी पैसा यायचा : मालमत्ता करातला ठरीव हिस्सा, नव्या बांधकामांवरचे शुल्क, वाहतूक संस्था आणि राज्य-केंद्राकडून मिळणारी रक्कम, आणि घरमालकांवरचे जलनिचरा शुल्क. हे शुल्क पाणी न मुरणाऱ्या जागेवर, म्हणजे छप्पर, फरसबंदी, गाडीरस्ता यांच्या क्षेत्रफळावर ठरते. दर वर्षाला चौरस फुटामागे ३.२ सेंट, आणि रस्त्याकडेला उघडा चर असेल तर २.६. शुल्क लागू होणारी जागा दोन हजार चौरस फूट असली तर वर्षाचे ६४ डॉलर. विरोधकांनी लगेच 'पावसावरचा कर' असे त्याचे बारसे केले. दुरुस्ती जेमतेम ५१ टक्क्यांनी मंजूर झाली.

खरी गंमत पुढे आहे. मतपत्रिकेवर निधीचा उल्लेख होता, पण घरमालकांना शुल्क द्यावे लागेल हे त्यात कुठेच नव्हते. काही मतदार न्यायालयात गेले. २०१५च्या जूनमध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मतदाराच्या खिशाला लागणारी बाब मतपत्रिकेत असायलाच हवी. त्याच वर्षी दुरुस्ती रद्द झाली. शुल्काची वसुली मात्र महापालिकेच्या साध्या उपविधीच्या आधारे सुरूच राहिली.

२०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आले आणि शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, या वेळी शुल्काचा स्पष्ट उल्लेख करून, तोच प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी होकार दिला. तोवर पावसावरच्या कराची थट्टा कुणाला सुचत नव्हती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सनदेत आणखी एक कलम आहे, २००४ साली मतदारांनीच घातलेले. मालमत्ता कराचे उत्पन्न महागाई आणि लोकसंख्यावाढीच्या बेरजेपलीकडे वाढू द्यायचे नाही, आणि कोणत्याही परिस्थितीत साडेचार टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नाही. या मर्यादेपायी कराचा दर शंभर डॉलर मूल्यामागे सुमारे ६४ सेंटवरून ५२च्या आसपास उतरला. रस्ते निधीचा हिस्सा मात्र सनदेत ११.८ सेंट असा लिहिलेला, त्यातून फक्त जुन्या कर्जाचे हप्ते वजा व्हायचे. महापालिकेने त्रैराशिक मांडले : एकूण दर घटला, तर हिस्साही त्या प्रमाणात घटणार. दोन अभियंत्यांनी २०१९मध्ये दावा लावला. त्यांच्या हिशेबाने एकाच वर्षात सुमारे पाच कोटी डॉलर कमी वर्ग झाले होते.

खालच्या न्यायालयात महापालिका जिंकली. २०२४मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला : सनदेत ११.८ लिहिले आहे, म्हणजे ११.८. २०२५च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. मला हा निकाल पटतो. वर्षअखेरीस तरतूद दुसरीकडे वळवण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. ती थोपवायला इथे दोन नागरिक, एक वाक्य आणि सहा वर्षे पुरली. पण शहराच्या तिजोरीकडे पाहिले की महापौरांचीही दया येते. एकाच मतदाराने एका हाताने कराला झाकण लावले आणि दुसऱ्या हाताने त्याच भांड्यातला वाटा राखून ठेवला. मधल्या पोलीस, अग्निशमन आणि कचऱ्यासाठी कुणी सनदेत जागा राखलेली नाही.

सध्याचे महापौर जॉन व्हिटमायर यांनी २०२५मध्ये फिर्यादींशी तडजोड केली. निधी टप्प्याटप्प्याने वाढवून २०२८पर्यंत पूर्ण हिस्सा द्यायचा, असे त्यात ठरले. त्याच सुमारास अग्निशमन दलाच्या थकीत पगाराचे ६५ कोटी डॉलर कर्जरोख्यांतून उभे करावे लागले होते, आणि अंदाजपत्रकात मोठी तूट होती.

या भागातली बरीच मराठी कुटुंबे शुगरलँड आणि केटीकडे राहतात. पत्ता विचारला की ह्यूस्टन सांगतात, पण ती वस्ती शहराच्या हद्दीबाहेर आहे. त्यामुळे ना शुल्क, ना मत. नोकरीसाठी मात्र रोज याच रस्त्यांवरून जायचे. हद्दीत राहणाऱ्यांसमोर आता पुढचा वाद येऊ घातला आहे. टेक्सासच्या इतर मोठ्या शहरांत कचरा उचलण्याचे वेगळे शुल्क असते, ह्यूस्टनने ते आजवर टाळले. रस्त्यांचा वाटा पूर्ण द्यायचा तर ते किती काळ टाळता येईल, यावर दर अंदाजपत्रकाच्या वेळी चर्चा होते, आणि निवडणूक जवळ आली की ती थांबते.